राजाच्या उशाशीं

मोठ्या माणसांच्या मृत्यूचीं वर्णनें इतिहासग्रंथांतून पुष्कळ आढळतात. मरणोन्मुख राजा मंचकावर पडला आहे, भोंवतीं राणी, युवराज, प्रधान आणि धर्मगुरु उभे आहेत, राजवैद्य नाडी धरून बसले आहेत, आणि बाहेर वाड्याच्या फाटकाशीं प्रजाजन ताटकळत आहेत, असा तो ठराविक देखावा असतो. चित्रकार तो रंगवितात, चरित्रकार तो सजवितात. परंतु या देखाव्यांतून एक व्यक्ति बहुधा गाळलेली असते. रात्रीं तीन वाजतां, राणी आपल्या महालांत गेल्यावर आणि वैद्य आरामखुर्चींत पेंगूं लागल्यावर जी जागी असते, जी रोग्याची कूस बदलते, त्याच्या सुकलेल्या ओठांना पाणी लावते, आणि ज्वराच्या भरांत त्याच्या तोंडून निघालेलें बरेंवाईट ऐकते, ती ही व्यक्ति होय. तिला शुश्रूषिका म्हणा, परिचारिका म्हणा कीं नर्स म्हणा. इतिहासाच्या पटावर तिची सावलीसुद्धां क्वचित् पडते.

वास्तविक पाहतां इतिहासकाराला हवा असणारा साक्षीदार हाच. प्रधानाला आपलें धोरण सांभाळावयाचें असतें, वैद्याला आपली कीर्ति, आणि वारसाला आपला वारसा. परिचारिकेला यांपैकीं कांहींच सांभाळावयाचें नसतें. परंतु गंमत अशी कीं, जिची साक्ष सर्वांत मोलाची तिनेंच साक्ष देऊं नये, असा तिच्या धर्माचा दंडक आहे. हा दंडक कितपत पाळावा, कोणासाठीं पाळावा, आणि तो पाळणाऱ्या स्त्रीचें इतिहासानें कांहीं देणें लागतें कीं नाहीं, याचा विचार एका इंग्रज राजाच्या मृत्यूच्या निमित्तानें करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत रुग्णालय म्हणजे गरिबांचें ठिकाण. श्रीमंत मनुष्य आजारी पडला तर आपल्याच घरीं, आपल्याच पलंगावर पडे, आणि वैद्य त्याच्याकडे येई. त्याची शुश्रूषा घरांतील बायका, मोलकरणी किंवा पैसे देऊन आणलेली एखादी वयस्क बाई करी. अशा भाडोत्री बाईचें कसें चित्र लोकांच्या मनांत होतें, हें डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरींतील सेअरी गँप या पात्रावरून कळतें. मद्याची आवड आणि रोग्याविषयीं बेपर्वाई हीं त्या बाईचीं मुख्य लक्षणें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचें नांव क्रिमियाच्या युद्धाशीं व १८६० सालीं सेंट टॉमस रुग्णालयांत निघालेल्या शिक्षणशाळेशीं जोडलेलें आहे. परंतु युद्धापूर्वीं १८५३ सालीं लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहानशा शुश्रूषागृहाची व्यवस्था तिनें पाहिली होती, आणि तें आजारी कुलीन स्त्रियांसाठीं होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. सुशिक्षित परिचारिका ही कल्पना गरिबांच्या वॉर्डांत वाढली खरी, परंतु तिचा एक पाय आरंभापासून श्रीमंतांच्या शयनगृहांत होता.

लंडनच्या पूर्व भागांतील व्हाइटचॅपेल ही हमाल, गोदी-कामगार व निर्वासित ज्यू यांची वस्ती. तेथील ‘लंडन हॉस्पिटल’ या संस्थेंत ही दुहेरी स्थिति स्पष्ट दिसते. ईव्हा लूकस ही बाई १८८० पासून १९१९ पर्यंत तेथें मेट्रन होती. तिच्या कारकीर्दींत रुग्णालयानें आपल्या परिचारिका श्रीमंतांच्या घरीं शुश्रूषेसाठीं पाठविण्याची पद्धत घातली. मिळणारी फी रुग्णालयाच्या तिजोरींत जाई. गरिबांच्या औषधपाण्याला श्रीमंतांच्या पैशाचा हातभार लागतो, ही त्यांतील चांगली बाजू. परंतु शिक्षण पुरें न झालेल्या उमेदवार मुली ‘तयार परिचारिका’ म्हणून बाहेर पाठविल्या जातात, अशी तक्रार १८९० सालीं लॉर्डांच्या सभेनें नेमिलेल्या चौकशी-समितीपुढें झाली. म्हणजे गरिबाच्या खाटेजवळ शिकावयाचें आणि तें कसब श्रीमंताच्या घरीं विकावयाचें, आणि विक्रीचा पैसा मात्र विकणारीच्या हातीं यावयाचा नाहीं, असा हा व्यवहार होता.

याच रुग्णालयांत १८८६ सालीं जोसेफ मेरिक नांवाचा एक अभागी तरुण आला. विलक्षण रोगानें त्याचें मस्तक व शरीर इतकें विद्रूप झालें होतें कीं, जत्रांतून ‘गजमानव’ म्हणून पैसे घेऊन त्याचें प्रदर्शन करीत. फ्रेडरिक ट्रीव्हज या शस्त्रवैद्यानें त्याला आश्रय दिला. पहिल्या दिवशीं अन्नाचें ताट घेऊन आलेली परिचारिका पूर्वसूचना नसल्यामुळें त्याला पाहतांच किंचाळली, आणि ताट टाकून पळाली, असें ट्रीव्हजनेंच लिहून ठेविलें आहे. पुढें मात्र याच संस्थेंतील परिचारिकांनीं १८९० सालच्या एप्रिलांत तो वारेपर्यंत त्याची निगा राखली. त्याच्या खोलींत आरसा टांगावयाचा नाहीं, असा ट्रीव्हजचा हुकूम होता. वृत्तपत्रांतून गाजावाजा झाल्यावर सरदारघराण्यांतील स्त्रिया त्याला भेटावयास येऊं लागल्या. खुद्द युवराज्ञी अलेक्झांड्रा येऊन गेली. अशा रीतीनें दीनांतला दीन मनुष्यही प्रसिद्ध रोगी झाला. पुढें १९०२ च्या जूनमध्यें, राज्यारोहणसमारंभ अवघ्या दोन दिवसांवर आला असतां, सातव्या एडवर्ड राजाच्या पोटांत आंत्रपुच्छाशेजारीं गळूं झालें. समारंभ पुढें ढकलावा लागला, आणि बकिंगहॅम राजवाड्यांत राजाच्या पोटावर ज्यानें शस्त्र चालविलें तो वैद्य म्हणजे हाच ट्रीव्हज. गजमानव आणि सम्राट् यांना एकाच हाताचा गुण आला. ट्रीव्हजला सरदारकी मिळाली व त्याचें नांव घरोघर गेलें. दोघांच्याही उशाशीं ज्या बायका रात्रीच्या रात्री जागल्या, त्यांचीं नांवें किती वाचकांस ठाऊक आहेत?

एकीचें नांव मात्र इतिहासांत राहिलें आहे, आणि तें कसें राहिलें हीच आमच्या लेखाची मुख्य कथा आहे. कॅथरिन ब्लॅक ही आयर्लंडांतील डोनेगाल परगण्याची मुलगी. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती लंडन हॉस्पिटलांत लूकसबाईच्या करड्या शिस्तींत तयार झाली. व्हाइटचॅपेलचे वॉर्ड तिनें पाहिले, श्रीमंतांच्या घरच्या शुश्रूषाही केल्या. पहिल्या महायुद्धांत ती ऑल्डरशॉट येथील लष्करी रुग्णालयांत होती. तेथें गिलीज हा शस्त्रवैद्य तोफगोळ्यांनीं जबडे-नाकें उडालेल्या शिपायांना नवे चेहरे घडवून देत असे. त्या वॉर्डांतही आरसा ठेवण्याची बंदी होती. बोलतां येत नाहीं, चव घेतां येत नाहीं, अशा माणसांच्या मनांत जगण्याची इच्छा पुन्हां चेतविणें हें आपल्या आयुष्यांतलें सर्वांत अवघड काम होतें, अशा आशयाचें तिनें पुढें लिहिलें. रोग्याला त्याचें रूप दाखवूं नये, आणि जगालाही तें सांगूं नये, हा धडा ती राजवाड्यांत नव्हे, तर या आरसा नसलेल्या वॉर्डांत शिकली असावी, असें आम्हांस वाटतें.

१९२८ च्या नोव्हेंबरांत पंचम जॉर्ज बादशहाला जबर दुखणें आलें. छातींत जंतुविष भिनलें, पाण्याचा संचय झाला. १२ डिसेंबर रोजीं राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनीं पिचकारीनें तो शोधून काढला, आणि त्याच संध्याकाळीं बरगडीचा तुकडा काढून शस्त्रवैद्यानें तो बाहेर काढला. तेव्हांपासून जंतुनाशक औषधांच्या युगापूर्वींच्या त्या काळांत राजाचा जीव वांचला, याचें श्रेय डॉसनना मिळालें आणि तें योग्यच होतें. परंतु शस्त्रक्रिया एका तासाची, आणि त्यानंतरची जखम धुण्याची, बदलण्याची व राखण्याची सेवा कित्येक महिन्यांची. ती ज्यांनीं केली त्या परिचारिकांत कॅथरिन ब्लॅक होती. दुखणें सरल्यावरही राजानें तिला सोडलें नाहीं. त्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, ती राजघराण्याच्या पदरीं राहिली. राजा तिला लाडानें ‘ब्लॅकी’ म्हणे, आणि चिडला म्हणजे तिच्यावरच चिडे. वर्षानुवर्षें दुखणाईत असलेला मनुष्य ज्याच्यावर अवलंबून असतो त्याच्यावरच रागावतो; यांत राजा व रंक असा भेद नाहीं.

आतां १९३६ सालच्या जानेवारीची २० तारीख. सँड्रिंगहॅमच्या वाड्यांत राजा अंथरुणाला खिळलेला होता. दुपारीं राज्यकारभार पाहणाऱ्या मंडळाच्या आज्ञापत्रावर दोन अक्षरांची सही करावयालाही त्याचा हात चालेना. रात्रीं साडेनवाच्या सुमारास डॉसननीं भोजनाच्या यादीच्या कागदावर लिहिलेलें तें प्रसिद्ध पत्रक निघालें: राजाचें आयुष्य शांतपणें समाप्तीकडे जात आहे. मध्यरात्रीला पांच मिनिटें कमी असतांना राजा वारला. साम्राज्याची चौकशी करणारे शब्द हेच राजाचे अखेरचे शब्द, असें लोकांस सांगण्यांत आलें, आणि लोकांनीं तें डोळ्यांत पाणी आणून ऐकिलें.

ही झाली १९३६ ची हकीकत. पन्नास वर्षांनीं, १९८६ च्या डिसेंबरांत, डॉसन यांचे चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनीं ‘हिस्टरी टुडे’ या मासिकांत डॉसन यांच्याच टिपणाच्या आधारें दुसरी हकीकत प्रसिद्ध केली. तीप्रमाणें, रात्रीं अकराच्या सुमारास राजाची अंतिम अवस्था आणखी कित्येक तास लांबेल असें दिसल्यावर, डॉसन यांनीं प्रथम पाऊण ग्रेन मॉर्फिया व त्यानंतर एक ग्रेन कोकेन राजाच्या मानेच्या शिरेंत टोंचलें. राजाचे हाल व कुटुंबीयांची ताटकळ संपावी, हें एक कारण. आणि मृत्यूची वार्ता दुपारच्या हलक्या पत्रांऐवजीं सकाळच्या ‘टाइम्स’मध्यें प्रथम यावी, हें दुसरें. त्यासाठीं डॉसननीं लंडनमधील आपल्या पत्नीला दूरध्वनि करून, ‘टाइम्स’च्या चालकांना अंक थोडा रोखून धरण्याची सूचना द्यावयास सांगितलें होतें. राणी मेरी व युवराज यांनीं आयुष्य विनाकारण लांबवूं नये अशी इच्छा दर्शविली होती, हें खरें. तथापि मानेच्या शिरेंतील टोंचणीला त्यांची स्पष्ट संमति होती, असें त्या टिपणावरून म्हणतां येत नाहीं. आणि राजाचे अखेरचे शब्द? त्याच टिपणाप्रमाणें ते साम्राज्याविषयीं नव्हतेच. झोंपेचें औषध टोंचणाऱ्या परिचारिकेला त्यानें एक शिवी हांसडली, तेच ते शब्द. सबंध पृथ्वीच्या चतुर्थांशावर राज्य करणाऱ्या पुरुषाचें शेवटचें भाषण एका नर्सला उद्देशून होतें!

परंतु या टिपणांतील आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें वाक्य निराळेंच आहे. हीं टोंचणीं आपण स्वतःच्या हातानें दिलीं, आणि याचें कारण सिस्टर बी. या प्रकारानें अस्वस्थ झालेली उघड दिसत होती, असें डॉसन नमूद करितात. ही सिस्टर बी. म्हणजे कॅथरिन ब्लॅक. सबंध घटनेंतील निषेधाचा एकुलता एक स्वर तो हाच; आणि तो उच्चारला गेला कीं केवळ चेहऱ्यावर उमटला, हेंही डॉसन सांगत नाहींत. तो नोंदविला मात्र ज्याच्याविरुद्ध होता त्यानेंच. परिचारिकेनें तो कोठेंही नोंदविला नाहीं. १९३९ सालीं ‘राजाची परिचारिका, भिकाऱ्याची परिचारिका’ अशा अर्थाच्या नांवाचें आत्मचरित्र तिनें प्रसिद्ध केलें. त्यांत व्हाइटचॅपेल आहे, युद्ध आहे, राजाचे स्वभावविशेष आहेत. मानेच्या शिरेंतील तें टोंचणें नाहीं. डॉसन १९४५ सालीं वारले, ती १९४९ सालीं वारली, आणि दोघेंही आपलें गुपित बरोबर घेऊन गेलीं असें झालें असतें, जर वैद्यबुवांना लिहून ठेवण्याची संवय नसती तर.

या मौनाचा निवाडा कसा करावा? अमेरिकेंत १८९३ सालीं तयार झालेली व नाइटिंगेलच्या नांवानें ओळखली जाणारी परिचारिकांची शपथ प्रसिद्ध आहे. तींत इतर गोष्टींबरोबर तीन वचनें आहेत: अपायकारक औषध जाणूनबुजून देणार नाहीं, रोग्याचें व त्याच्या घरचें खासगी गुपित राखीन, आणि वैद्याला त्याच्या कामांत निष्ठेनें साहाय्य करीन. कॅथरिन ब्लॅकनें ही शपथ घेतली होती कीं नाहीं हा प्रश्न येथें गौण आहे. तिच्या धंद्याची सबंध नीति या तीन वचनांत सांठविलेली आहे. एरवीं हीं तिन्ही वचनें एकाच वाटेनें चालतात. त्या रात्रीं सँड्रिंगहॅमच्या खोलींत त्यांच्या तीन वाटा झाल्या. तिनें पहिलें वचन हातानें पाळलें, दुसरें तोंडानें पाळलें, आणि तिसरें, म्हणजे वैद्याचें साहाय्य, चेहऱ्यावरच्या अस्वस्थतेनें मोडलें. इतक्या अडचणीच्या जागीं इतक्या थोड्या वेळांत याहून अधिक काय करतां आलें असतें, हें आरामखुर्चींत बसून सांगणें सोपें आहे.

टीकाकार म्हणेल: तिचें मौन रोग्यासाठीं नव्हतें, वैद्यासाठीं होतें, दरबारासाठीं होतें. या आक्षेपांत तथ्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. राजाचा खोकला, राजाचा चिडखोरपणा, राजाची शिवी, हीं त्याचीं खासगी दुःखें. तीं झांकणें हा धर्मच. परंतु वैद्यानें केलेली कृति ही रोग्याचें गुपित कशी होईल? इंग्लंडच्या कायद्यानें ती तेव्हांही गुन्हा ठरली असती. शिवाय त्याच वर्षाच्या डिसेंबरांत असाध्य रोग्यांना इच्छेनुसार मरण देण्याची परवानगी मागणारें विधेयक लॉर्डांच्या सभेपुढें आलें, तेव्हां याच डॉसननीं, असल्या गोष्टी कायद्यांत न घालतां वैद्यांच्या विवेकावर सोडाव्या, अशा अर्थाचें भाषण केलें, आणि विधेयक फेटाळलें गेलें. वैद्याच्या विवेकाला रात्रीच्या अकरा वाजतां वृत्तपत्राच्या वेळापत्रकाची चिंता कशी लागली होती, हें त्या सभेंतील सभासदांना कळलें असतें तर वादाला निराळें वळण लागलें असतें. मौनाची किंमत कोणाला तरी द्यावी लागते.

तथापि दोष सर्वस्वीं त्या बाईच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तिच्या हातीं पुरावा नव्हता, पदवी नव्हती, आणि तिच्या शब्दाविरुद्ध राजवैद्याचा शब्द होता. वॉटसनसारख्या विद्वान् चरित्रकारानें तें टिपण पाहूनही १९५० च्या चरित्रांत तें गाळलें, आणि छत्तीस वर्षांनीं प्रसिद्ध केलें. जें ग्रंथकाराला जमलें नाहीं तें परिचारिकेनें करावयास हवें होतें, असें म्हणण्याचा अधिकार आम्हां ग्रंथकारांना तरी नाहीं.

याच बादशहाच्या कारकीर्दींतली दुसरी एक रात्र आमच्या पुण्यांतली आहे. १९२२ च्या मार्चांत सहा वर्षांची शिक्षा झालेले महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत होते. १९२४ च्या जानेवारींत त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, आणि १२ तारखेस त्यांना ससून रुग्णालयांत आणलें. शस्त्रवैद्य कर्नल मॅडॉक हे इंग्रज; रोगी ब्रिटिश सरकारचा बंदिवान. विपरीत घडलें तर देशभर आग भडकेल, म्हणून श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलें, आणि शस्त्रक्रियेला आपली संमति आहे अशा निवेदनावर गांधीजींनीं थरथरत्या हातानें सही केली. शस्त्रक्रिया चालू असतां वादळानें विजेचा दिवा गेला. परिचारिकेनें हातांत धरलेली विजेरीही विझली, आणि अखेर कंदिलाच्या उजेडांत काम पुरें झालें. रोगी वांचला, ५ फेब्रुवारीस सरकारनें त्याला बिनशर्त सोडलें. मॅडॉकचें नांव प्रत्येक चरित्रांत आहे आणि असावें. विजेरी धरणाऱ्या त्या बाईचा उल्लेख येतो तो ‘एक परिचारिका’ एवढाच, आणि तोही विजेरी विझली म्हणून! ती जळत राहिली असती तर तेवढाही आला नसता. ज्या गांधीजींनीं बोअर युद्धांत व झुलू बंडाच्या वेळीं जखमींचे डोले वाहिले, आणि पुढें सेवाग्रामांत कुष्ठरोगी परचुरे शास्त्र्यांचें अंग स्वतःच्या हातांनीं चोळलें, त्यांना या कामाची किंमत नक्कीच कळत होती. ती कळत नाहीं आम्हां लिहिणाऱ्यांना.

हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांचे अखेरचे अठरा दिवस एका रुग्णालयांत गेले. ते कोणी मोठे गृहस्थ नव्हते. खेड्यांतल्या शाळेंत मास्तर होते. शस्त्रवैद्यांचें नांव, त्यांच्या पदव्या, त्यांची फी, हें सर्व आम्हांस आजही तोंडपाठ आहे. रात्रपाळीला जी बाई त्यांच्याजवळ असे तिला आम्ही ‘सिस्टर’ म्हणत होतों. तिचें नांव विचारण्याचें आम्हांस सुचलेंही नाहीं. शेवटल्या रात्रीं वडील पहाटेपर्यंत तिच्याशीं कांहीं बोलत होते, असें शेजारच्या रोग्यानें सांगितलें. आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. साक्षीदार दिसला कीं प्रश्न विचारावयाचा हा आमचा धंदा. आम्हीं तिला गांठून विचारलें, “दादा काय म्हणाले?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, त्यांना तुम्हांला सांगायचं असतं तर त्यांनीं तुमची वाट पाहिली असती. ते मला म्हणाले.” आम्हांस त्या वेळीं राग आला. तीस वर्षें पुराव्याची महती शिकविणाऱ्या मनुष्याला आपल्याच बापाच्या शेवटच्या शब्दांवर हक्क नाहीं, हें मनाला लागलें.

आज तो राग उरला नाहीं. ते शब्द काय होते, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. ते दुखण्याचे असतील, पश्चात्तापाचे असतील, किंवा पंचम जॉर्जाच्या शब्दांसारखे एखाद्या टोंचणीबद्दलचे असतील. परंतु मरणाऱ्या माणसाला, तो सम्राट् असो, बंदिवान असो कीं मास्तर असो, ज्याच्यापाशीं बोलतां येतें आणि तें बोलणें तेथेंच राहील असा भरंवसा वाटतो, असें एक माणूस लागतें. त्या भरंवशावर इतिहासकारानें हात घालूं नये. त्यानें रोग्याचें गुपित मागूं नये. वैद्यानें काय केलें एवढें मात्र निर्भयपणें विचारावें, आणि तें सांगणारीला आधार मिळेल अशी व्यवस्था समाजानें करावी. कॅथरिन ब्लॅकला तो आधार नव्हता.

आणि निदान नांव तरी लिहावें. रुग्णालयाच्या दप्तरांत रात्रपाळीचा तक्ता असतो. त्या वर्षीं, त्या महिन्यांत, त्या वॉर्डांत कोण होतें, हें तेथें लिहिलेलें असावयाचें. गेल्या महिन्यांत आम्ही त्या रुग्णालयांत जाऊन चौकशी केली. जुने तक्ते पांच वर्षांनीं रद्दींत काढतात, असें तेथील कारकुनानें नम्रपणें सांगितलें.